सोड म्हटलं की सोडायचं

रविवार, ९ मार्च

हरलो. एका पॉइंटने. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तो कुणी हिसकावूनही नेला नाही. आमच्याच कॅप्टनबाईंनी ताट उचलून समोरच्यांच्या पुढ्यात ठेवलं.

माझा आवाज कालपासून साफ गेलाय. तोंड उघडलं की नळाला पाणी यायच्या आधी येते तशी नुसती फुसफुस येते. बोलता येत नाही म्हणून लिहितोय. हे सगळं पोटात ठेवलं तर मला अल्सर होईल.

मी या टीमच्याच कॉलेजात शिकलेला. मुलींची बास्केटबॉल टीम सुरू झाल्यापासून घरच्या कोर्टवरची एकही मॅच चुकवलेली नाही. पायऱ्यांवर तिसरी ओळ, कोपऱ्यातली जागा, साइडलाइनच्या अगदी डोक्यावर. तिथे मला सगळे भोंगा म्हणतात. मला त्यात अपमान वाटत नाही. बसस्टँडवर घोषणा करणाऱ्या माणसाला भोंगा नाही तर काय बासरी म्हणणार?

इतक्या वर्षांत ही टीम सेमीफायनलच्या दारापर्यंतही गेली नव्हती. या वर्षी गेली. काल शेवटचे काही सेकंद उरले होते आणि आपण एका पॉइंटने पुढे. त्यांच्या पोरीने मारलेला बॉल रिंगवर आपटून उडाला, झटापटीत त्यांच्याच कुणाच्या तरी हाताला लागून साइडलाइनकडे निघाला, बरोबर आमच्या समोर. बाहेर गेला असता तर बॉल आपला, मॅच आपली. धरला असता तरी आपलीच. आणि भिंगरी, आमची कॅप्टन, त्याच्यापासून दोन पावलांवर. नुसता हात लांब केला असता तरी पुरे होतं. ही बया काय करते? थांबते. हात मागे घेते. बॉलकडे बघायचं सोडून वर आमच्याकडे बघत उभी! तेवढ्यात त्यांच्या अकरा नंबरने अंग झोकून दिलं, रेघेवरून बॉल आत ढकलला, दुसरीने उचलला आणि बास्केट. भोंगा वाजला. म्हणजे कोर्टवरचा, मी नव्हे.

भिंगरी म्हणजे माझी पुतणी. सख्ख्या दादाची मुलगी, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगायचं?

सोमवार, १० मार्च

बायकोने घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतू सुजलेत आणि एका ठिकाणी रक्त साकळलंय म्हणे. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो.

"नाही पाळलंत तर हा आवाज परत येईलच अशी खात्री मी देणार नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "एवढं काय ओरडत होतात?"

मी खांदे उडवले. मॅचमध्ये मी काय ओरडतो ते मला कधीच आठवत नाही. तोंड आपोआप सुटतं. याला उत्साह म्हणतात, पण तो बाईंना कसा कळावा, त्या आयुष्यात कधी पायऱ्यांवर बसल्या नसतील.

बायको मध्येच म्हणाली, "यांचं यांना ऐकूच येत नाही हो." काय संबंध?

बसस्टँडवर साहेबांना चिठ्ठी दाखवली. साहेबांनी तोंडभरून सहानुभूती दिली आणि मला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. माझ्या जागी चौकशीच्या खिडकीतली बाई घोषणा करणार. ती प्रत्येक गाडी अशी सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी वारली.

बायकोने माळ्यावरून पाटी काढून दिली. भिंगरीची, लहानपणची. लाकडी चौकट, कोपऱ्यात बेडकाचं स्टिकर. आता यावर लिहून लोकांशी बोलायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बुधवार, १२ मार्च

हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्या आहेत, एकेकटे बूट आहेत, आणि एक कवळी आहे. ज्याची आहे तो न चावता जगतोय बहुतेक. लोक येतात, मी पाटी दाखवतो, ते मोठमोठ्याने बोलायला लागतात. अहो, मी मुका आहे, बहिरा नाही!

दुपारी कंपाउंडर आला. पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसतो तो, दवाखान्यात औषधं बांधतो. म्हणाला, "भोंग्या, तुझा आवाज त्या दिवशी बाहेर सायकली लावतात तिथपर्यंत गेला म्हणे." मी छाती फुगवली. मग तो नुसताच पुड्या बांधल्यासारखी बोटं चाळवत बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. सोड आता. पोरगी लहान आहे."

लहान! वीस वर्षांची घोडी. मी पाटीवर लिहिलं, 'सोडणार नाही.' त्याने ते वाचलं आणि उगाच घड्याळ बघून गेला.

या पोरीला बॉल कोणी शिकवला? या शिट्टीने? (शिट्टी म्हणजे टीमचे सर. ती त्यांच्या गळ्यात असते की ते तिच्या गळ्यात असतात, सांगणं कठीण.) मी शिकवला. भंगारातल्या बसचं स्टिअरिंग आणून, आतल्या दांड्या कापून, मागच्या भिंतीवर रिंग म्हणून ठोकलं. ते अजून आहे. फरशीवर विटेने रेघ मारली. रेघेपलीकडे गटार. भिंगरी तेव्हा माझ्या कमरेएवढी. बॉलमागे धावायची आणि रेघ कुठे आहे ते तिला दिसायचं नाही, एकदा गटारात गेली. मग मी नियम केला. बॉलला शेवटचा हात माझा लागला असेल आणि तो रेघेबाहेर चालला असेल, तर मी ओरडणार 'सोड'. तिचा लागला असेल तर 'धर'. सोड म्हटलं की सोडायचं, धर म्हटलं की धरायचं, मध्ये विचार करायचा नाही. काकाचे डोळे, तुझे पाय. इतकी पक्की झाली होती की माझा आवाज आला की पायाला ब्रेक लागायचा. डोळे मिटूनही खेळली असती.

आणि आज तिला दोन पावलांवरचा बॉल धरता येत नाही. ही त्या शिट्टीची कृपा. माझं शिकवलेलं सगळं पुसून टाकलं त्या माणसाने.

शनिवार, १५ मार्च

आज वर जेवायला होतो. दादाने बोलावलं. दादा घड्याळं दुरुस्त करतो आणि त्याचं बोलणंही तसंच, एक एक काटा सुटा करून टेबलावर ठेवणारं. वहिनी वाढताना माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंगरी समोर बसली होती, ताटात नजर.

माझ्या घशाचं कसं आहे ते तिने विचारलं. दोनदा विचारलं. दुखतं का, गिळता येतं का, डॉक्टरीणबाई नक्की काय म्हणाल्या, नोकरीचं काय होणार. मॅचबद्दल एक शब्द नाही. मॅच हरवणाऱ्याने दुसऱ्याच्या घशाची चौकशी करावी, ही नवीन तऱ्हा.

मी पाटीवर लिहिलं, 'का थांबलीस?'

तिने वाचलं. सगळ्यांनी वाचलं. वहिनींच्या हातातला डाव भांड्यात पडला. दादा म्हणाला, "अरे, तुला खरंच..." आणि भिंगरी एकदम बोलली, "बाबा!" मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "चूक झाली काका. अंदाज चुकला माझा."

बघा, कबूल आहे. तिलाच कबूल आहे, तर बाकीच्यांची तोंडं का वाकडी?

खाली येताना जिन्यात बायको म्हणाली, "सोडा ना आता तो विषय." ज्याला त्याला सोडायची घाई. धरणारा मी एकटाच उरलोय.

मंगळवार, १८ मार्च

चौकशीच्या खिडकीतल्या बाईने आज दोन गाड्यांचे फलाट उलटे सांगितले. माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडे धावली. एक आजीबाई पडता पडता वाचल्या. मी खोलीतून बाहेर येऊन हातवारे केले, तर साहेब म्हणाले, तुम्ही आत बसा, लोक घाबरतात.

मला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणाने. कुणीतरी चुकून एक शब्द सांगितला आणि लोक तसे धावले. बाई मात्र पुढची गाडी सांगायला लागलेली, तिला पत्ताच नाही. असल्या माणसाच्या हातात माइक देऊच नये.

गुरुवार, २० मार्च

आज टीमच्या चाहत्यांची बैठक झाली, कॉलेजच्या कँटीनमध्ये. कंपाउंडरने भरवली, म्हणजे मी त्याच्या मागे लागून भरवायला लावली. शिट्टीला उत्तरं द्यायला बोलावलं होतं. आला. गळ्यात शिट्टी होतीच.

लोकांनी बरंच विचारलं. शेवटी टाइमआउट का घेतला नाही, उंच पोरीला का बसवलं. तो प्रत्येकाला थंडपणे सांगत होता. मग कंपाउंडरने माझ्या पाटीवरचा प्रश्न वाचून दाखवला, 'कॅप्टनला त्या बॉलबद्दल तुम्ही काय बोललात?'

शिट्टी म्हणाला, "एवढंच बोललो, की मैदानाबाहेरून येणारं काही ऐकायचं नाही. मग ते कुणाचंही असो." आणि हे म्हणताना तो सरळ माझ्याकडे बघत होता. मीही डोळे वटारून बघितलं. मी काय घाबरतो?

आणि माझ्या लगेच लक्षात आलं. मैदानाबाहेरचं म्हणजे काय? मुलगा-बिलगा! असणार कोणीतरी पायऱ्यांवर, म्हणूनच बाईसाहेब बॉल सोडून वर बघत होत्या. शिट्टीला हे माहीत होतं आणि तरी त्याने तिला कॅप्टन ठेवलं. माझं डोकंच फिरलं. मी पाटी पुसली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि डोक्यावर धरून सगळ्या कँटीनला दाखवली:

'कॅप्टन बदला. जिला बॉल दिसत नाही तिला घरी बसवा.'

मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे चहाच्या कपात बघत होते. इतके लोक, आणि एकाला पाठीचा कणा नाही. मी पाटी दाराच्या बाजूला वळवली, तर दारात भिंगरी उभी. खांद्यावर बॉलची जाळी. सर बैठकीला गेले म्हणून किल्ली मागायला आली असणार.

तिने अक्षरं वाचली. मग चौकटीच्या कोपऱ्याकडे बघितलं, बेडकाकडे. किल्ली न घेताच गेली.

बरं झालं एका अर्थी. तोंडावर बोललेलं चांगलं, पाठीमागे बोलण्यापेक्षा. मी पाठीमागे बोलणारा नाही.

शुक्रवार, २१ मार्च

भिंगरी खेळ सोडतेय. दादाने सकाळी दारात उभं राहून सांगितलं, आत आला नाही. एक तारखेला किट परत देणार, पुढच्या वर्षी नाव देणार नाही. आठवीपासून खेळत असलेली पोर.

मी पाटीवर लिहिलं, 'मी कॅप्टन बदला म्हटलं, खेळ सोड म्हटलं नाही.'

दादाने ते बराच वेळ वाचलं. एवढा वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग म्हणाला, "तुझं तू वाच एकदा," आणि वर गेला.

कोड्यात बोलायची खोड आहे आमच्या दादाला. मला राग आला. पण जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवतो. आमच्या घरात दुसरं पोर नाही. मागच्या भिंतीवर बॉल आपटायला लागला की बायको कूकरखालचा गॅस बारीक करते, शिट्टी नको म्हणून. आम्ही दोघं त्या आवाजावर संध्याकाळ काढतो. तो बंद होणार म्हणे.

रविवार, २३ मार्च

वहीचं पहिलं पान उघडून बघितलं, मग हे लिहायला बसलो.

संध्याकाळी मागे पायरीवर बसलो होतो. भिंगरी आली. माझ्याकडे न बघता बॉल टाकायला लागली. रिंगला लागून एक बॉल उलटा आला, माझ्या गुडघ्यावर आपटला आणि रेघेकडे निघाला. रेघ कधीच पुसली गेलीय, पण गटार आहे. भिंगरी धावली. आणि ऐन रेघेशी थांबली. दोन्ही हात मागे घेतले. तोंड वळवून माझ्याकडे बघितलं.

बॉलकडे नाही, माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे.

शेवटचा हात माझा लागला होता ना. ती 'सोड' ऐकायला थांबली होती. मला आवाज नाही हे तिला माहीत आहे, माझ्याशी ती बोलत नाही, खेळ सोडायला निघालीय, तरी तिचे पाय थांबले. बॉल गटारात गेला.

मी तिचं तसं उभं राहणं आधी बघितलं होतं. हेच हात, हीच मान. या वहीत पहिल्याच पानावर मी लिहून ठेवलंय, बॉलकडे बघायचं सोडून वर आमच्याकडे बघत उभी.

मी आत गेलो. बायको लॅबमधल्या ड्युटीवरून येऊन कपडे बदलत होती. मी पाटी तिच्या नाकासमोर धरली. 'मी काय ओरडलो होतो?'

ती पलंगावर बसली. "आत्ता विचारताय?"

मी पाटीवर बोट आपटलं.

"सोड," ती म्हणाली. "असे ओरडलात की शेजारी बसून माझे कान बधिर झाले. सोड, सोड, सोड. सगळ्या पायऱ्यांनी ऐकलं. पलीकडच्या टीमने ऐकलं. ती पोर हात लावणारच होती हो, बोटं पुढे आली होती तिची. तुमचा आवाज आला आणि तिने हात मागे घेतले. आणि तुम्ही त्याच श्वासात तिला शिव्या द्यायला लागलात. चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या."

मग कुणी सांगितलं का नाही? हे लिहायला मला खडू सापडेना, पण ती समजली.

"भिंगरीने शपथ घातली. मॅच झाल्यावर लगेच, बाहेर सायकलींपाशी. म्हणाली, काकाचा आवाज गेलाय, त्याची नोकरी जाते की काय, त्यात हे कळलं तर तो उभा राहायचा नाही. चुकीला माझंच नाव राहू दे."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मला प्रचंड राग आला होता, कुणाचा ते कळेना, म्हणून पातेल्यावर काढला. पातेल्याला पोचा आला. उपयोग काही झाला नाही.

मग पाटी घेऊन वर गेलो. दार भिंगरीने उघडलं. मी पाटीवर काय लिहावं ते जिन्यात ठरवलं होतं, पण ती पाटी नुसती कोरी पुढे धरून उभा राहिलो. तिने पाटी माझ्या हातातून घेतली.

"ही माझी आहे," ती म्हणाली आणि दार लावलं.

मंगळवार, २५ मार्च

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी लोकांना आयुष्यभर सुनावत आलो.

आज अर्धी रजा टाकून शिट्टीकडे गेलो. कोर्टशेजारची त्याची खोली, बॉलच्या रबराचा वास, भिंतीवर मुलींच्या जागा आखायचा पांढरा फळा. माझ्याकडे पाटी नाही. मी त्याच्या फळ्यावरची गोल चुंबकं बाजूला सारून पेनने लिहिलं, 'सोड मी ओरडलो. तिची चूक नाही.'

तो खुर्चीतून उठलाही नाही. "माहीत आहे," म्हणाला. "तुमच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे."

मी लिहिलं, 'मग बैठकीत का नाही बोललात?'

"तिने नको म्हणून सांगितलं. आणि मी तेवढं तरी बोललो. तुम्हाला वाटलं काय, मी कुणाबद्दल बोलतोय?"

मुलगा-बिलगा हे मी त्याला लिहून दाखवलं नाही.

मी लिहिलं, 'तिला काढू नका.'

"मी कुठे काढतोय? ती सोडतेय. मी दोनदा समजावलं. म्हणते, सर, कोर्टवर उभी राहिले की मला माझं काही ऐकू येत नाही." त्याने शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच त्याचा गळा मोकळा बघितला. "वीस वर्षांच्या मुलीचे पाय अजून तुमच्या अंगणात आहेत. ते तिथून तुम्हीच सोडवा. माझ्याने होत नाही."

मग त्याने उठून माझं अक्षर पुसलं आणि चुंबकं जागच्या जागी लावली. हा माणूस बरोबर बोलला, याचा मला त्याच्या सगळ्या चुकांपेक्षा जास्त राग आला. घरी येईपर्यंत त्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही, वही बायकोच्या हाती लागायची.

संध्याकाळी कंपाउंडरला चिठ्ठीवर लिहून दिलं, चूक माझी होती असं पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सांग. तो म्हणाला, "त्यांना काय सांगायचं? ते तिथेच तर बसले होते." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला असली माणसं आवडत नाहीत.

सोमवार, ३१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी नळी घातली. सूज उतरलीय. बोलायला परवानगी, पण थोडंच, हळू, आणि ओरडायचं अजिबात नाही. "पहिला शब्द कुणाला राखून ठेवलाय?" त्यांनी हसत विचारलं. महिन्याच्या सुरुवातीला मी तो शिट्टीसाठी राखला होता, चांगला वाक्यभर, घासूनपुसून. आज मी मान हलवली आणि गप्प बाहेर आलो. बायकोलाही काही बोललो नाही. तिने रिक्षात दोनदा माझ्याकडे बघितलं, वाटलं असेल बिघडलंय.

घरी आलो तर मागच्या पायरीवर भिंगरीची किटची पिशवी. वर सात नंबरचा टी-शर्ट, धुऊन, इस्त्री करून, दुकानातल्यासारखा घडी घातलेला. उद्या परत जाणार. ती भिंतीला टेकून उभी होती, हातात काही नाही. बॉल कोपऱ्यात.

मी बॉल उचलला. बरेच महिने झाले होते मला हात लावून. रिंगकडे टाकला. रिंगच्या खाली भिंतीवर आपटला, माझा नेम कधीच धड नव्हता, आणि टप्पे खात गटाराकडे निघाला. शेवटचा हात माझा.

भिंगरी हलली. खेळ सोडलेल्या माणसाचे पाय इतक्या लवकर हलत नाहीत. ती रेघेशी पोचली आणि थांबली. हात मागे गेले. मान माझ्याकडे वळली.

"सोडू नको!"

गंजलेलं शटर वर ढकलावं तसा आवाज आला. माझा नव्हेच. बायको आतून धावत आली, वर दादाची खिडकी उघडली. भिंगरी क्षणभर तशीच उभी राहिली, पायांना हा शब्द ओळखीचा नव्हता ना. मग तिने अंग टाकलं. बॉल गटारावरून आत खेचला आणि फरशीवर घसरत गेली. गुडघा सोलला. उठली आणि तोच बॉल दोन्ही हातांनी होता नव्हता तेवढा जोर लावून माझ्या पोटावर मारला.

मी खाली बसलो. लागू दे.

ती माझ्यासमोर उभी राहून धापा टाकत होती. "आत्ता सांगतोस?" ती म्हणाली. "आत्ता? सगळ्या कँटीनला पाटी दाखवलीस माझी. माझी पाटी!"

"हो."

"मी किती दिवस... काका, तू एकदाही स्वतःला विचारलं नाहीस, मी वर का बघत होते?"

"नाही."

"दुसरा शब्द येतो का तुला?"

"माझं ऐकू नको," मी म्हणालो. घसा सोलवटत होता. "यापुढे कोर्टवर माझं ऐकायचं नाही. मी धर म्हणू दे, सोड म्हणू दे. तुला दिसेल ते कर."

"आणि आत्ता सोडू नको म्हणालास ते? ते ऐकायचं की नाही?"

तिने गुडघ्यावरचं रक्त हाताने पुसलं, हात माझ्या बाहीला पुसला, पिशवी उचलली आणि जिना चढून गेली. जिन्याच्या वळणावरून म्हणाली, "ओरडायला बंदी आहे ना तुला? मग ओरडलास कशाला?" आणि दार आपटलं.

मंगळवार, १ एप्रिल

आज पुन्हा माइकसमोर बसलो. साहेबांनी दोनच घोषणा दिल्या. आवाज फाटका येतो. एका बाईने खिडकीशी येऊन विचारलं की आजारी माणसाला का बसवतात.

संध्याकाळी भिंगरीची पिशवी पायरीवर नव्हती. किट दिलं का, कुणाला विचारलं नाही. वर गेलो नाही. दादा जिन्यात भेटला, घड्याळात बघून म्हणाला, "उशीर झाला आज तिला," आणि निघून गेला. नेहमीसारखं अर्धंच.

दिवेलागणीला कपडे काढायला मागे गेलो. दोरीवर माझा उद्याचा ड्युटीचा शर्ट, सुकलेला, कडक. त्याच्या वरच्या दोरीवर सात नंबर. इस्त्रीची घडी मोडलेला, नुकताच पिळून टाकलेला. त्याचं पाणी थेंब थेंब माझ्या शर्टाच्या कॉलरवर पडत होतं.

मी शर्ट तसाच दोरीवर सोडला आणि आत आलो.